मस्टरबाहेरची माणसे

कामगार चळवळीची चिकित्सा करणाऱ्या लेखनात एक वाद हमखास येतो. मान्यताप्राप्त संघटना कशी ठरवावी? सभासदत्वाच्या पावत्या तपासून की गुप्त मतदान घेऊन? प्रश्न खोटा नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. कामगार एकीकडे आणि त्याचे कायदेशीर तोंड दुसरीकडे! 1995 मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची रीत आखून दिली, तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण मत कोणाला, हे मतपेटी येण्यापूर्वीच ठरलेले असते आणि या लेखनाची नजर तेथवर पोचत नाही. गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्याला मज्जाव. हा मज्जाव मालकाइतकाच सवर्ण कामगारानेही सांभाळला. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला, तोही नाखुशीने. त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1943 मध्ये संघटनांना सक्तीने मान्यता देणारे विधेयक आणले. 1947 साली तसा कायदा झाला, पण तो अमलात कधीच आला नाही. आपल्या कामगार इतिहासकारांना हे आठवत नाही, हा काही योगायोग नव्हे.

आज विणाई खात्याच्या दाराचे काम कंत्राट करते. सिप्ला कंपनीच्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंत्राटी माणसाने आधी आपण कंपनीचेच कामगार आहोत हे दुसरीकडे सिद्ध करून यावे. मगच महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली तक्रार करावी. म्हणजे अन्यायाची दाद मागण्यासाठी आधी आपल्या अस्तित्वाचा दाखला आणायचा! गावकुसाबाहेरच्या माणसाला ही भाषा नवी वाटणार नाही. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य दलित, कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत हा दाखला मिळवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो 2017 मध्ये कायम केला. लढा त्याच्याही कितीतरी आधीचा. तोवर त्यांच्यापैकी कितीजण त्या कचऱ्यातच खपले असतील?

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून अधिक संघटना असतील, तर मस्टरवरील एकावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटी करते. लोक टक्क्यावर भांडत आहेत. माझे बोट ‘मस्टर’ या शब्दावर आहे.

हे लिहिताना मीही निर्दोष नाही. माझ्या घराण्यात पहिली पदवी माझी, पहिले मस्टरही माझेच. आमच्या प्राध्यापक संघटनेची सभा ज्या खोलीत भरते, ती झाडणारी बाई ठेकेदाराची. गेल्या सभेत ती दाराशी केरसुणी घेऊन उभी होती. आम्ही लोकशाही पद्धतीने हात वर करून ठराव मंजूर केला आणि उठताना खुर्च्या तशाच टाकून आलो.