युक्रेनी लोकवाद्यांचा नामव्यवहार : कोबझा, बांदुरा आणि लीरा यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

वाद्याचे नाव आणि वाद्याचे शरीर यांचा संबंध निश्चित असतो, असे गृहीत धरूनच बहुतेक वाद्यकोश लिहिले जातात. एका नोंदीत एक वाद्य, त्याचे एक चित्र आणि त्याची एक व्याख्या, अशी त्यांची रचना असते. युक्रेनच्या लोकवाद्यांच्या बाबतीत मात्र हे गृहीतक पावलोपावली अडखळते. तेथे एकाच नावाने परस्परांशी संबंध नसलेली वाद्ये ओळखली गेली आहेत, तर एकच वाद्य एकाच काळात दोन-तीन नावांनी वावरले आहे. अभ्यासकांनी या स्थितीचे वर्णन सामान्यतः ‘गोंधळ’ असे केले असून तो दूर करणे हे संशोधनाचे कार्य मानले आहे. प्रस्तुत लेखात या भूमिकेची चिकित्सा केली आहे. नावांचे हे सरकणे केवळ अज्ञानातून घडलेले नाही. वाद्य कोण वाजवतो, कोणासाठी वाजवतो आणि समाज त्याच्याकडे कसा पाहतो, याची ती ऐतिहासिक साक्ष आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

१. एक नाव, अनेक वाद्ये

‘कोबझा’ हा शब्द तुर्की भाषासमूहातून आलेला आहे. तुर्कस्तानातील कोपुझ, हंगेरीतील कोबोझ व रोमानियातील कोब्झा ही छेडून वाजवायची तंतुवाद्ये आहेत. परंतु कझाकांचे कोबिझ गजाने वाजते. पोलंडच्या बोलीव्यवहारात तर ‘कोबझा’ म्हणजे मशकवाद्य, असा अर्थ रूढ झाला. पोलिश भाषेत बकरी या अर्थाचा ‘कोझा’ हा शब्द मशकवाद्याचेही नाव आहे आणि दोन शब्दांच्या उच्चारसाम्यामुळे ही सरमिसळ घडली. तारेचे वाद्य आणि हवेचे वाद्य यांत एवढे अंतर असूनही नाव मात्र ते सहज ओलांडून गेले.

‘हुस्ली’ या नावाची कथाही अशीच आहे. पूर्व स्लाव प्रदेशात हे नाव मांडीवर आडवे ठेवून छेडायच्या तंतुवाद्यास आहे. दक्षिण स्लावांची ‘गुस्ले’ गजाने वाजते आणि वीरगाथांना साथ करते. तर चेक भाषेत ‘होउस्ले’ म्हणजे सरळ व्हायोलिन. मूळ धातू एकच असला तरी तो केवळ ‘तारेचा नाद’ एवढाच अर्थ सुचवतो. तार छेडायची की घासायची, हे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने ठरवले.

‘लीरा’ हे नाव प्राचीन ग्रीकांच्या हातातील लायरचे स्मरण करून देते. युक्रेनची लीरा मात्र सर्वस्वी निराळी आहे. तिच्या लाकडी पेटीत एक चाक असते. वादक उजव्या हाताने दांडा फिरवून ते चाक तारांवर घासतो आणि डाव्या हाताने पट्ट्या दाबतो. एक तार चाल वाजवते व इतर तारा अखंड आधारस्वर देतात. हिलाच ‘रेल्या’ आणि ‘रिल्या’ अशीही लोकनामे आहेत. ग्रीक लायरशी तिचे रचनात्मक नाते नाही. टिकले ते नावाबरोबर आलेले प्रतिष्ठेचे वलय.

सुषिर वाद्यांपैकी ‘सुर्मा’ हे नाव मराठी वाचकास विशेष जवळचे वाटावे. फारसीतील ‘सुर्ना’, तुर्कीतील ‘झुर्ना’ आणि आपल्याकडील सनई ही एकाच विस्तृत वाद्यकुळाची रूपे आहेत. या कुळाचा एक धागा कोसॅकांच्या लष्करी वाद्यवृंदापर्यंत पोहोचला. तेथे ‘सुर्मा’ हे पत्तीच्या, म्हणजे सनईच्या जातीच्या वाद्याचे नाव होते. पुढे युक्रेनी भाषेत त्याच शब्दाने रणशिंग वा बिगूल हाही अर्थ धारण केला. वाद्य बदलले, परंतु ‘युद्धाची हाक देणारे’ हे त्याचे कार्य बदलले नाही. नावाने येथे आकाराची नव्हे, कार्याची सोबत केली, हे लक्षणीय आहे.

२. एक वाद्य, अनेक नावे

नामव्यवहाराचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न कोबझा आणि बांदुरा यांच्याविषयी आहे. आजच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येनुसार कोबझाच्या तारा दांडीवर बोटांनी दाबल्या जातात व एका तारेतून अनेक स्वर निघतात. बांदुरेत दांडीवरील लांब तारांशिवाय तबलीच्या कडेने आखूड तारांची रांग असते. या तारा मोकळ्या छेडल्या जातात आणि प्रत्येक तारेचा स्वर एकच असतो. हा भेद वादनतंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील लोकव्यवहाराने तो पाळला नाही.

तारास शेव्चेन्को यांचा ‘कोबझार’ हा पहिला काव्यसंग्रह १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रकाशित झाला. त्यात अवघ्या आठ कविता होत्या. पण पुढे हे शीर्षक ग्रंथापुरते न राहता कवीचेच उपनाम झाले. ‘कोबझार’ म्हणजे कोबझा वाजवणारा. प्रत्यक्षात त्या काळातील अंध गायकांच्या हाती बहुतांशी आखूड तारांची बांदुरा होती. त्याच वर्षी इतिहासकार व कवी मिकोला मार्केविच यांना उद्देशून लिहिलेल्या कवितेत शेव्चेन्को त्यांना ‘बांदुरावादक’ म्हणून संबोधतात. कवीच्या दृष्टीने हे दोन शब्द दोन वाद्यांचे निदर्शक नव्हते. ते एकाच भूमिकेचे, म्हणजे लोकस्मृती जपणाऱ्या गायकाचे निदर्शक होते.

ओस्ताप वेरेसाय (१८०३–१८९०) यांचे उदाहरण या संदर्भात अधिक बोलके आहे. १८७३ मध्ये कीव्ह येथे रशियन भौगोलिक संस्थेच्या नैऋत्य शाखेच्या सभेत त्यांचे गायन झाले आणि संगीतकार मिकोला लिसेंको यांनी त्यांच्या गायनाचे संगीतशास्त्रीय विवेचन केले. वेरेसाय यांच्या वाद्याला दांडीवरील तारा होत्या, तशाच तबलीवरील आखूड ताराही होत्या. आजच्या व्याख्येची फूटपट्टी लावली तर ते वाद्य पहिल्या नावात पुरते बसत नाही आणि दुसऱ्या नावातही नाही. तरीही समकालीन अभ्यासकांनी वेरेसाय यांना निःसंकोचपणे ‘कोबझार’ म्हटले. १८७६ मध्ये एम्स येथील आदेशाने युक्रेनी भाषेतील मुद्रणावर कठोर निर्बंध आले व ही शाखाही बंद करण्यात आली. भाषेचाच गळा आवळला जात असताना ‘कोबझार’ या शब्दाला लाभलेले वजन केवळ वाद्यशास्त्राने मोजता येणार नाही.

ग्रामीण जनता या गायकांना ‘स्तार्त्सी’ या आणखी एका नावाने ओळखत असे. कोबझार असो वा लीर्निक, दोघेही बहुधा अंध, दोघेही भिक्षेवर जगणारे आणि दोघांचे बंधुसंघही अनेक ठिकाणी एकच. धार्मिक पदे दोघेही गात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हातातले वाद्य दुय्यम होते. दारात उभा राहिलेला गायक प्रमुख होता. वाद्याचे नाव वाद्यावरून न ठरता वादकावरून ठरण्यामागचे कारण येथे सापडते.

पुढील शतकातही ही प्रवृत्ती टिकली. १९१८ मध्ये वासिल येमेत्स यांनी कीव्ह येथे वादक-गायकांचा समूह स्थापन केला. समूहाचे नाव ‘कोबझार गायनवृंद’, आणि सदस्यांच्या हाती बांदुरा. या विसंगतीत कोणास काही वावगे वाटले नाही, कारण ‘बांदुरा’ हे वस्तूचे नाव होते आणि ‘कोबझार’ हे परंपरेचे.

३. व्युत्पत्तीवरील अतिविश्वास : फामिंतसिन आणि खोतकेविच

अलेक्सांद्र फामिंतसिन यांनी १८९१ मध्ये दोम्रा व तिच्याशी नाते सांगणाऱ्या वाद्यांवर ग्रंथ लिहिला. शब्दांच्या प्रवासाचा माग काढणे हे या ग्रंथाचे बलस्थान होय. कोबझा पूर्वेकडील तुर्की जमातींकडून आली आणि बांदुरा पश्चिमेकडून, पोलंडमार्गे आली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शब्दांपुरता तो बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. ग्रीक ‘पांदुरा’, स्पॅनिश ‘बांदुरिया’, जॉर्जियातील ‘पांदुरी’ आणि इंग्लंडमधील ‘बांदोरा’ ही शब्दकुळे उघड आहेत. परंतु शब्द आला म्हणजे वस्तूही आली, ही उडी सदोष आहे. इंग्लंडमधील बांदोरा १५६२ मध्ये जॉन रोझ यांनी घडवल्याचे सांगितले जाते. तिच्या दांडीवर पडदे होते आणि तारा धातूच्या होत्या. युक्रेनी बांदुरेचे व्यवच्छेदक लक्षण असलेली आखूड तारांची रांग तिच्यात नव्हती. नाव पश्चिमेचे असले तरी त्या नावाखाली जे वाद्य उभे राहिले, ते त्या भूमीत घडले.

ह्नात खोतकेविच (१८७७–१९३८) यांनी नेमक्या याच बिंदूवर आक्षेप घेतला. ते स्वतः बांदुरावादक होते. १९०२ मध्ये खार्किव्ह येथील पुरातत्त्व परिषदेत त्यांनी लोकगायकांचे सादरीकरण घडवून आणले, १९०९ मध्ये ल्विव्ह येथे बांदुरावादनाची पाठ्यपुस्तिका प्रकाशित केली आणि १९३० मध्ये युक्रेनी जनतेच्या वाद्यांवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. आखूड तारांना त्यांनी दिलेले महत्त्व योग्यच आहे. कारण त्यामुळे चर्चा शब्दाकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून वादनाकडे वळली. मात्र त्यांच्याही भूमिकेला एक मर्यादा आहे. ‘आमचे वाद्य’ सिद्ध करण्याच्या आग्रहापायी कोबझा व बांदुरा यांच्यात रेषा आखावी लागते आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी असलेली वेरेसाय यांच्यासारखी वाद्ये अपवाद ठरतात. फामिंतसिन शब्दाला वस्तू मानतात, खोतकेविच वस्तूला राष्ट्राची खूण मानतात. ‘नाव देणारा समाज’ दोघांच्याही विवेचनात मागे राहतो. १९३८ मध्ये सोव्हिएत राजवटीने खोतकेविच यांना गोळ्या घातल्या, ही घटना ध्यानात घेतली म्हणजे त्यांच्या आग्रहामागील निकड समजू शकते. वाद्याच्या नावाचा वाद त्यांच्या आयुष्यात निव्वळ विद्वत्तेचा राहिलेला नव्हता.

४. प्रमाणीकरण आणि त्याची किंमत

विसाव्या शतकात बांदुरा कारखान्यात बनू लागली. तिच्या तारांची संख्या पन्नास-साठच्या घरात गेली, अर्धस्वरांची सोय झाली आणि ती संगीत महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात स्थिरावली. ‘बांदुरा’ हे नाव या नव्या वाद्याने व्यापल्यामुळे जुन्या वाद्याला विशेषण लावणे भाग पडले. हेओर्ही त्काचेन्को (१८९८–१९९३) यांनी जपलेले जुन्या धाटणीचे वाद्य आता ‘स्तारोस्वित्स्का’, म्हणजे जुन्या काळची बांदुरा, या नावाने ओळखले जाते. मूळ वाद्याला विशेषण आणि नव्याला निर्विशेष नाव, ही उलटापालट प्रमाणीकरणाचा स्वाभाविक परिणाम होय.

बासरीवर्गातही हेच घडले. ‘सोपिल्का’ हे आज सर्वपरिचित नाव आहे. पण लोकव्यवहारात तोंडाशी लाकडी बूच असलेली ‘देन्त्सिव्का’, बूच नसलेली लांब ‘फ्लोयारा’ आणि बोटांची छिद्रेच नसलेली ‘तेलिंका’ अशी स्वतंत्र नावे आहेत. तेलिंकेत खालचे टोक बोटाने उघडझाप करून व फुंकीचा जोर बदलून स्वर मिळवतात. दहा छिद्रांची, अर्धस्वरांसह वाजणारी मैफिलीची सोपिल्का प्रचारात आल्यावर हे सारे भेद एका नावाच्या छायेत गेले. नाव व्यापक झाले आणि ज्ञान अरुंद झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोबझा व चाकाची लीरा यांच्या परंपरेच्या जतन-कार्यक्रमाची नोंद उत्तम जतनपद्धतींच्या सूचीत केली. कार्यक्रमाच्या शीर्षकात ‘कोबझा’ आहे, ‘बांदुरा’ नाही. ही निवड अर्थपूर्ण आहे. कारखान्याच्या व रंगमंचाच्या बांदुरेपासून वेगळी, गुरूने शिष्याला दिलेली आणि वादकाने स्वतःच्या हाताने घडवलेली परंपरा निर्देशित करण्यासाठी जुने नाव पुन्हा पुढे आले आहे. नाव येथे पुन्हा एकदा लाकडापेक्षा जीवनपद्धतीस चिकटलेले दिसते.

५. वर्गीकरणाचा आधार आणि अनुवादाचा प्रश्न

नावे अस्थिर असतील तर अभ्यासकाने कशाचा आधार घ्यावा? या प्रश्नाच्या उत्तरात भारतीय परंपरेचा अप्रत्यक्ष वाटा आहे. नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध व घन हे चतुर्विध वर्गीकरण ब्रुसेल्स येथील संग्रहपाल व्हिक्टर माय्यों यांच्या १८८० च्या सूचीस प्रेरक ठरले आणि त्याच पायावर १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल व झाक्स यांची पद्धती उभी राहिली. ही पद्धती नावाकडे न पाहता नाद कसा निर्माण होतो हे पाहते. त्यामुळे ग्रीक लायर आणि युक्रेनी लीरा यांची गल्लत टळते. परंतु वेरेसाय यांना कोबझार का म्हटले गेले, याचे उत्तर ती देऊ शकत नाही.

मराठी अनुवादकापुढेही हाच पेच उभा राहतो. ‘कोबझा’साठी ‘वीणा’ लिहिले की वाक्य सुबोध होते, पण सरस्वतीच्या हातातील वाद्य अंध भिक्षेकऱ्याच्या हाती जाते आणि अर्थ बिघडतो. मूळ नाव ठेवून वादकाची ओळख संदर्भातून करून देणे हाच मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो.

निष्कर्ष

१. युक्रेनी लोकवाद्यांच्या नावांतील सरमिसळ हा दोष नसून वादक, कार्य आणि प्रतिष्ठा यांच्या इतिहासाचा पुरावा आहे.

२. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे वाद्याची वंशावळ नव्हे. दोन्हींचा माग स्वतंत्रपणे घेतला पाहिजे.

३. प्रमाणीकरणाने शिक्षण सुलभ झाले, तरी प्रादेशिक भेद व त्यांतील वादनज्ञान त्यामुळे झाकोळले.

४. प्रत्येक नोंदीत वाद्याची रचना, स्थानिक नाव आणि वादकाचा समाज या तिन्ही गोष्टी एकत्र नोंदवणे आवश्यक आहे.

नाव दुरुस्त करण्यापूर्वी ते नाव कोणी आणि कोणत्या गरजेपोटी दिले, हे विचारले गेले पाहिजे. अन्यथा कोशातील नोंद निर्दोष होईल, परंतु दारात उभा राहून गाणारा तो अंध गायक तीतून निघून गेलेला असेल.