चित्र भुंगेऱ्याचे, काम अळीचे

गाजरगवतावरच्या मेक्सिकन भुंगेऱ्याची माहिती देणारी पत्रके बहुधा एकाच चित्रापाशी थांबतात: पांढुरक्या पाठीवर तपकिरी वळणदार रेषा असलेला छोटा प्रौढ कीटक. चित्र चुकीचे नाही, अपुरे आहे. पण त्यामुळे वर्गात मुख्य गोष्टच निसटते, अशी आमची तक्रार आहे.

हे तण आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेले. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या कुंपणालगत, रिकाम्या भूखंडांवर, उकरलेल्या मातीच्या ढिगांवर ते माजलेले दिसते. त्याच्यावर उपाय म्हणून झायगोग्रामा बायकलरॅटा हा भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला.

प्रौढ भुंगेरा पाने खातो, हे खरे. पण अळीची गंमत वेगळी आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर ती शेंड्याच्या आणि पानांच्या बेचक्यातल्या कोवळ्या कळ्यांवर ताव मारते. कळीच गेली तर फूल कुठून येणार? एक झाड हजारो बिया देते, म्हणून हा घाव वर्मी बसतो. तीनदा कात टाकून वाढलेली अळी मग मातीत शिरते आणि तिथे कोष करते. पावसाळा सरल्यावर प्रौढही मातीतच सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसात वर येतात.

मातीचा हा भाग पत्रकांतून गळतो. मग उन्हाळ्यात भुंगेरे दिसले नाहीत, की 'प्रयोग फसला' म्हणायला आपण मोकळे! आणि ज्या भूखंडावर वरचेवर जेसीबी फिरतो, तिथे मातीतले कोष टिकतील कसे, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सांडपाण्यावर बारमाही वाढणारे गाजरगवत तर कोरड्या महिन्यांत या कीटकाच्या तावडीतून सुटतेच.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले आणि वाद पेटला. त्या वादातही अळीला विसरून चालणार नव्हते. प्रौढाने पान कुरतडले, एवढ्यावरून कीटक त्या पिकावर पिढ्या काढील असे ठरत नाही. तिथे अंडी घातली जातात का, अळी वाढून कोषापर्यंत पोचते का, हे तपासावे लागते.

पावसाळ्यात शाळेजवळचे एखादे झाड मुलांना आठवडाभर रोज पाहू द्यावे. पानाची खालची बाजू पिवळसर अंड्यांसाठी, शेंडा अळीसाठी. झाडाला उघड्या हाताने स्पर्श मात्र नको. अनेकांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते.