नॉर्वेजियन सामासिक नामे : अक्षरविभाजन आणि शब्दघटना

नॉर्वेजियनमधील सामासिक नामांचे अक्षरविभाजन केवळ उच्चाराच्या आधारे स्पष्ट करण्याची पद्धत अपुरी ठरते. ‘दाग्सल्यूस’ (दिवसाचा उजेड) या नामात ‘दाग’ आणि ‘ल्यूस’ या पदांना ‘स’ हा जोडवर्ण सांधतो. ‘स्ल’ने आरंभ होणारे शब्द या भाषेत आहेतच, त्यामुळे कान हा ‘स’ उत्तरपदाकडे नेऊ शकतो. ओळीअखेर शब्द तोडताना मात्र तो पूर्वपदाकडेच राहतो. ‘बीलदेलर’ (मोटारीचे सुटे भाग) हे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘बील’पाशी न थांबता ‘बिल्दे’ (चित्र) असे वाचल्यास स्वराचे दीर्घत्व जाते आणि अर्थही. म्हणजे घटकपदे ओळखल्याशिवाय उच्चारच निश्चित होत नाही. ‘नात्त’ (रात्र) आणि ‘तोग’ (आगगाडी) यांच्या समासात रोमन लिपीतील तीन ‘त’ एकत्र येतात. लेखनात दोनच उरतात, पण ओळीअखेर पदे विभागताच तिसरा परततो. उच्चारनिष्ठ विवेचनात या लुप्त वर्णाला जागाच नाही. पदे सुटी लिहिण्याची चूकही निरुपद्रवी नव्हे : ‘लाम्मेलोर’ म्हणजे कोकराची मांडी, तोडून लिहिल्यास ‘लुळ्या मांड्या’.