यंत्र बरं होत नाही

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' वाचलं आणि त्यातल्या एका पानाचा फोटो काढून स्टेटसला लावला. जून १९९६. होक्काइदोमधल्या सारोमा तलावाकाठची १०० किलोमीटरची शर्यत. ५५ किलोमीटरनंतर मुराकामीचं अंग संपावर जातं. मग आपण माणूस नसून यंत्र आहोत, असं तो स्वतःला पटवत राहतो आणि ११ तास ४२ मिनिटांत शर्यत पूर्ण करतो. पुस्तकातलं एवढंच पान माझ्या लक्षात राहिलं. त्याची किंमत मला गेल्या हिवाळ्यात कळली.

मी बोरिवलीत राहतो. नॅशनल पार्कात कान्हेरीच्या चढावर धावतो. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन धावायची होती. नोव्हेंबरात डाव्या नडगीवर अंगठ्याएवढ्या जागेत दुखायला लागलं. एमआरआय झाला. स्ट्रेस फ्रॅक्चरची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे धावणं बंद. सायकल आणि पोहणं चालेल. तिसऱ्या आठवड्यात चालताना दुखेनासं झालं, तसं मी कोणाला न सांगता चार किलोमीटर धावून आलो. शेवटचा किलोमीटर दुखत होतं. तेव्हा तेच पान आठवलं: यंत्र, यंत्र. संध्याकाळी स्टेशनचा पूल चढताना पाय टेकवेना. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते. जानेवारी हातचा गेला.

घरी बसून पुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे, सारोमाची गोष्ट शर्यतीच्या शेवटी संपतच नाही. त्यानंतर आपली धावायची इच्छाच विझली, हे मुराकामी सरळ लिहितो. त्या अवस्थेला तो 'रनर्स ब्लूज' म्हणतो. त्यातून बाहेर यायला त्याला काही वर्षं लागली. तो ट्रायथलॉनमध्ये रमला. म्हणजे यंत्र व्हायचं बिल त्यालाही आलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. माझ्यासारख्या वाचकांनी फोटो मात्र आधीच्या पानाचा काढला. पुस्तक तिच्या चाहत्यांपेक्षा प्रामाणिक असतं, ते असं.

दुसरी गोष्ट ही पुस्तकाची मर्यादा आहे. इतकी वर्षं धावूनही आपल्याला दुखापत झाली नाही, असं मुराकामी सांगतो. हे त्याचं नशीब, पण त्यामुळे त्याला यंत्राची उपमा परवडते. शरीराबद्दल ती चुकीची आहे. यंत्र वापरानं झिजतं आणि पडून राहिलं तर आपोआप दुरुस्त होत नाही. हाडाचं तसं नाही. धावण्याचा ताण पडला की काही पेशी आधी जुनं हाड काढतात आणि मग दुसऱ्या पेशी नवं भरतात. काढायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. त्यावर आणखी ताण टाकणं म्हणजे डेटाबेसचं मायग्रेशन अर्धवट असताना सगळं ट्रॅफिक त्यावर सोडणं. ऑफिसात असं कोणी केलं तर मी स्वतः त्याला झापलं असतं.

हा दोष एकट्या मुराकामीचा नाही. आपण अविनाश साबळेची गोष्ट कशी सांगतो बघा. २०१८ साली बीडच्या या धावपटूची आशियाई स्पर्धा घोट्याच्या दुखापतीमुळे हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:२९.८० अशी वेळ देऊन त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ही दोन वाक्यं आपण एका दमात वाचतो आणि आपल्याला वाटतं, दुखापतीतूनच विक्रम निघाला. त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्यानं काय केलं, किती दिवस काहीच केलं नाही, हे आपण विचारत नाही. जुलै २०२५मध्ये मोनॅकोत तो पुन्हा पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली. अशा वेळी आपल्याला बातम्या दोनच हव्या असतात: पडला आणि परतला.

याचं कारण मला आता थोडं कळतं. शर्यतीला सुरुवात असते, चढ असतो, शेवट असतो. हाड भरून येण्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. पाण्यात पट्टा बांधून जागच्या जागी धावायचं, घरी येऊन पोटरीचे व्यायाम करायचे, उद्या तेच. अॅपवर त्याचा नकाशा उमटत नाही. पण ट्रेनिंग चालू ठेवणं म्हणतात ते त्या दिवसांत हेच होतं. माझे चोरून धावलेले चार किलोमीटर त्यात मोडत नव्हते.

म्हणून हे पुस्तक वाचू नका असं मी म्हणणार नाही. जरूर वाचा. फक्त सारोमाच्या शर्यतीशी थांबू नका, पुढची पानंही वाचा. दुखत असेल तर तीच आधी वाचा.

सध्या मी एक मिनिट धावतो, दोन मिनिटं चालतो, असं दहा वेळा. मॉर्निंग वॉकची आजोबा मंडळी मला मागे टाकतात. नडगी दाबून बघतो. दुखत नाही. तरी अकरावी फेरी करत नाही.