'द स्लीपिंग जिप्सी' : प्रतीकार्थ आणि भाववृत्ती

आंरी रूसो (१८४४-१९१०) या फ्रेंच चित्रकाराचे 'द स्लीपिंग जिप्सी' हे १८९७ मधील तैलचित्र स्वप्नसदृश चित्रकलेच्या विवेचनात वारंवार उल्लेखिले जाते. सुमारे १३० सें.मी. उंच व २०० सें.मी. रुंद असलेले हे चित्र १९३९ पासून न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. पौर्णिमेच्या रात्री वाळवंटात एक कृष्णवर्णीय स्त्री झोपली आहे. अंगात रंगीत पट्ट्यांचा पायघोळ झगा, उजव्या हाती काठी, शेजारी मेंडोलिन आणि पाण्याची सुरई. तिच्या खांद्याशी एक सिंह हुंगत उभा आहे.

या चित्राचा अर्थ लावताना सिंह म्हणजे वासना किंवा मृत्यू, सुरई म्हणजे स्त्रीदेह, चंद्र म्हणजे नेणीव अशी समीकरणे सहज मांडली जातात. फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९ च्या अखेरीस, म्हणजे या चित्रानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. अर्थात केवळ कालक्रमामुळे असे अर्थनिर्णयन बाद ठरत नाही. खरी अडचण वेगळी आहे. ही समीकरणे सिंह आणि स्त्री असलेल्या कोणत्याही चित्राला तितकीच लागू पडतील. मग याच चित्राचे वेगळेपण कशात, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

रूसोने १८९८ मध्ये हे चित्र विकत घेण्याची विनंती आपल्या जन्मगावाच्या, लावालच्या महापौरांना केली होती. (ती मान्य झाली नाही.) त्या पत्रात त्याने एकाही प्रतीकाचा उलगडा केलेला नाही. थकून गाढ झोपलेल्या स्त्रीचा वास सिंहाला येतो, पण तो तिला खात नाही, एवढेच तो सांगतो. चित्राचे मर्म या 'पण'मध्ये आहे.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत बोलायचे तर भयानकाचे सर्व विभाव येथे उपस्थित आहेत : रात्र, निर्जन प्रदेश, एकाकी स्त्री, हिंस्र पशू. तरीही भय परिपुष्ट होत नाही, कारण ज्या व्यक्तीने भ्यावे तिला काहीच ठाऊक नाही. कंप नाही, किंकाळी नाही. अनुभावांची जागा रिकामी आहे. चित्रात जागा आहे तो फक्त सिंह, आणि चित्राबाहेर प्रेक्षक. भय प्रेक्षकाकडे येते, पण ते व्यक्त करण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो. या चित्रासमोर जाणवणारी स्तब्धता या कोंडीतून निर्माण होते.

चित्राची रचनाही या भाववृत्तीला पोषक आहे. वाळूवर पावलांचे एकही चिन्ह नाही. दोघे येथे चालत आले असे वाटतच नाही. सिंह बाजूने पाहिलेला, तर स्त्री काहीशी वरून पाहिल्यासारखी. त्यामुळे तिचा देह वाळूवर टेकलेला न वाटता अधांतरी भासतो. झग्याचे पट्टे आणि मेंडोलिनच्या तारा यांच्यातील साम्य असे, की ती स्त्रीच एखाद्या न वाजणाऱ्या वाद्यासारखी दिसू लागते. यथादर्शनाचे शिक्षण नसल्यामुळे हे घडले, असे म्हणून रूसोला 'भाबडा' ठरविण्याची प्रथा आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. दोष जर प्रत्येक ठिकाणी एकाच परिणामाकडे नेत असेल, तर त्याला दोष म्हणणे कठीण होते.

मात्र एक मर्यादा नोंदविली पाहिजे. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी केलेल्या रूसोने फ्रान्सची सीमा कधी ओलांडली नाही. त्याचे वाळवंट आणि ती 'पौर्वात्य' वेशभूषा ही एकोणिसाव्या शतकातील युरोपची कल्पनासृष्टी आहे. हे स्वप्न त्या स्त्रीचे नव्हे, तिच्याविषयी पाहिलेले आहे. तिला स्वतःचे असे चित्रकाराने फारसे दिलेले नाही : किंचित उघडे ओठ, त्यांतून दिसणारे दात, आणि गाढ झोपेतही काठीवरून न सुटलेली बोटे.