मानवजातीच्या आयुर्मानाचे गणित : गॉट व ऑर्ड यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

मानवजात आणखी किती काळ टिकेल, या प्रश्नाचे उत्तर संख्येत देण्याची प्रवृत्ती नवी नाही. पौराणिक कालगणनेने कलियुगाची मर्यादा ४,३२,००० वर्षे ठरविली आणि पंचांगांनी इ. स. पूर्व ३१०२ पासून ती मोजली. या संख्येमागे कारण कोणते, असे कोणी विचारीत नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ यांनी हाती घेतला आणि उत्तरे पुन्हा संख्येतच आली. फरक इतकाच, की या संख्यांना शास्त्राचे पाठबळ आहे असे मानले जाते. ते सर्व संख्यांना सारखेच लाभले आहे काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन मांडण्या निवडल्या आहेत : जे. रिचर्ड गॉट यांचा १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि टोबी ऑर्ड यांचा ‘द प्रेसिपिस’ (२०२०) हा ग्रंथ.

अज्ञानाचे संख्याशास्त्र

प्रिन्स्टन विद्यापीठातील खगोलभौतिकीचे अभ्यासक गॉट यांनी १९६९ मध्ये बर्लिनची भिंत पाहिली, तेव्हा ती बांधून आठ वर्षे झाली होती. ती केव्हा पडेल याचे कोणतेही राजकीय विश्लेषण न करता त्यांनी एवढेच गृहीत धरले, की आपली भेट भिंतीच्या आयुष्यातील एखाद्या विशेष क्षणी घडलेली नाही. तसे असेल तर भिंतीचे उर्वरित आयुष्य गत आयुष्याच्या एक तृतीयांश ते तिप्पट, म्हणजे सुमारे पावणेतीन ते चोवीस वर्षे असण्याची संभाव्यता ५० टक्के ठरते. वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, भिंत पडली. हाच तर्क ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर नेला, की उर्वरित आयुष्य गत आयुष्याच्या एकोणचाळिसाव्या भागापासून एकोणचाळीस पटींपर्यंत पसरते. मानवाचे वय दोन लाख वर्षे धरून गॉट यांनी निष्कर्ष काढला, की मानवजात आणखी किमान ५,१०० आणि कमाल ७८ लाख वर्षे टिकेल.

युक्तिवाद मोहक आहे, यात शंका नाही. तथापि त्याचे उत्तर ‘मानव’ कोणाला म्हणावे यावर किती अवलंबून आहे, हे पाहण्यासारखे आहे. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील अवशेषांचे वय सुमारे तीन लाख वर्षे असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्याच सूत्रात ही संख्या घातली की मर्यादा ७,७०० वर्षे ते १ कोटी १७ लाख वर्षे अशी होते. मोरोक्कोत काही जुनी हाडे सापडली म्हणून मानवाचे भविष्य दीडपट वाढावे, यात काहीतरी खटकते. शेती करणारा मानव हा घटक धरून दहा हजार वर्षे मोजली, तर किमान मर्यादा सुमारे २५६ वर्षांवर येते. अणुबॉम्ब बाळगणारा मानव धरला, तर १९४५ ते २०२५ या ८० वर्षांवरून उत्तर येते : दोन वर्षे ते ३,१२० वर्षे. यांपैकी कोणते घड्याळ खरे, हे सूत्र सांगत नाही.

याहून मूलभूत आक्षेप कारणमीमांसेचा आहे. नव्वदीतील एखाद्या आजोबांना हे सूत्र लावले, तर ते आणखी सव्वादोन ते साडेतीन हजार वर्षांदरम्यान कितीही जगतील असे ९५ टक्के खात्रीने म्हणावे लागेल. असे कोणी म्हणत नाही, कारण माणसाचे शरीर कसे झिजते हे आपल्याला ठाऊक आहे. गॉट यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून नोंदविले पाहिजे, की ज्या वस्तूविषयी अन्य विशेष माहिती नाही तिलाच हे तत्त्व लागू पडते, याची त्यांना जाणीव आहे. परंतु मग प्रश्न असा उरतो, की मानवजातीविषयी आपण खरोखरच इतके अज्ञानी आहोत काय? ब्रँडन कार्टर यांनी १९८३ पासून मांडलेला आणि जॉन लेस्ली यांनी १९९६ च्या ग्रंथात विस्तारलेला ‘प्रलय-युक्तिवाद’ वर्षांऐवजी जन्मलेल्या माणसांची संख्या मोजतो; त्याची घडण अधिक सूक्ष्म असली तरी मूळ आक्षेप त्यालाही लागू होतो.

निसर्गाची साक्ष

अज्ञान सर्वत्र सारखे नसते, हे नैसर्गिक धोक्यांच्या बाबतीत स्पष्ट होते. येथे पुरावा आहे आणि त्याचा बराच भाग महाराष्ट्राच्या भूमीतच वाचता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर हे अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले आहे. सह्याद्रीच्या कड्यांत दिसणारे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकाचे आहेत. डायनोसॉरांच्या विनाशात या उद्रेकाचा वाटा किती आणि मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील आघाताचा किती, यावर भूवैज्ञानिकांत दीर्घ वाद झाला. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची राख भारतभर पसरली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथील उत्खननात त्या राखेच्या थराखालीही दगडी हत्यारे मिळाली आणि वरही मिळाली. मोठ्या आपत्तीनंतरही त्या परिसरात माणसाचा वावर राहिल्याची ही साक्ष होय.

अशा नोंदींमुळे नैसर्गिक धोक्याला वरची मर्यादा घालता येते. स्नायडर-बीटी, ऑर्ड व बॉन्सॉल यांनी २०१९ मध्ये दाखविले, की मानव दोन लाख वर्षे टिकला या एका वस्तुस्थितीवरूनच नैसर्गिक कारणाने तो नष्ट होण्याची वार्षिक संभाव्यता १४,००० त एकाहून कमी असली पाहिजे. गॉट यांनी वापरलेली तीच दोन लाख वर्षे येथे वेगळ्या कामी आली आहेत. भविष्याचे वय मोजण्याऐवजी एका विशिष्ट प्रकारच्या कारणांचा जोर मोजण्यासाठी. फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे.

संभाव्यतेची संख्या केव्हा विश्वसनीय म्हणावी, याचे उत्तम उदाहरण ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाने पुरविले. तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. पुढील काही दिवसांत नवी निरीक्षणे आली, कक्षा अधिक नेमकी झाली आणि ती शक्यता नगण्य ठरली. वृत्तपत्रांतून ‘शास्त्रज्ञांचे अंदाज चुकले’ अशी कुजबुज होणे स्वाभाविक होते. वस्तुतः अंदाज बदलला, हेच तो अंदाज शास्त्रीय असल्याचे लक्षण होते.

या धोक्याचे उत्तरही हाताशी येत आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ हे यान डायमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘धूमकेतू’ या कथेचे स्मरण होईल. तीत पृथ्वीकडे येणारा धूमकेतू आण्विक स्फोटाने वळविला जातो आणि शास्त्रज्ञाच्या घरी मात्र संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते. त्या कथेत आकडेमोड थोडी आहे; पण संकट कशामुळे आले आणि कशामुळे टळले, हा कारणांचा प्रश्न तिने केंद्रस्थानी ठेवला आहे. गॉट यांच्या निबंधात नेमका तोच नाही.

एकषष्ठांशाची घडण

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांचा ग्रंथ कारणांचा विचार करतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. येत्या शंभर वर्षांत मानवजातीवर ‘अस्तित्वसंकट’ ओढवण्याची संभाव्यता ते सहात एक मानतात. या एकूण संख्येचे घटक असे : सर्व नैसर्गिक धोके मिळून दहा हजारांत एक, अणुयुद्ध हजारात एक, हवामानबदल हजारात एक, मानवनिर्मित महासाथ तिसात एक, आणि मानवी हेतूंशी न जुळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता दहात एक. या संख्या ढोबळ असून त्या आपला स्वतःचा अदमास आहेत, हे ऑर्ड प्रामाणिकपणे सांगतात. दुर्दैवाने उद्धृत होताना संख्या तेवढ्या पुढे जातात, हा कबुलीजबाब मागे राहतो.

या घटकांच्या मागील पुरावा एकाच जातीचा नाही. नैसर्गिक धोक्यांची संख्या शिलालेखासारखी खडकांत कोरलेली आहे. महासाथींबाबत निदान अपघातांची नोंद आहे : १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेशी संबंधित संसर्गाने देवीचा जगातील अखेरचा बळी घेतला, १९७९ मध्ये स्वर्डलोव्स्क येथील लष्करी केंद्रातून सुटलेल्या अँथ्रॅक्सने किमान ६६ जण दगावले. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मात्र अशी कोणतीही गणना नाही. ‘दहात एक’ हा एका विचारी माणसाचा कौल आहे. लघुग्रहाची ३.१ टक्के ही संख्या कोणत्या निरीक्षणाने शून्याकडे जाईल हे आधीच सांगता येत होते. ‘दहात एक’ कोणत्या निरीक्षणाने ‘शंभरात एक’ होईल, हे ग्रंथातून नीट कळत नाही. एका बेरजेत या दोहोंना शेजारी बसविणे म्हणजे मोजपट्टीने घेतलेले माप आणि नजरेने बांधलेला अंदाज यांची बेरीज करणे होय.

ही शंका केवळ तात्त्विक नाही. २०२२ मध्ये घेतलेल्या एका अंदाज-स्पर्धेत विषयतज्ज्ञ आणि अचूक भाकितांसाठी नावाजलेले अंदाजकर्ते अशा १६९ जणांनी या प्रश्नांवर अनेक महिने चर्चा केली. इ. स. २१०० पर्यंत मानवजात नष्ट होण्याची संभाव्यता तज्ज्ञांच्या मध्यम अंदाजानुसार ६ टक्के, तर अंदाजकर्त्यांच्या मते १ टक्का होती. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसे घडण्याबाबत हेच अंदाज ३ टक्के आणि ०.३८ टक्के असे होते. एकमेकांचे युक्तिवाद ऐकूनही दोन्ही गटांतील अंतर फारसे कमी झाले नाही.

याचा अर्थ कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती निराधार आहे असा नव्हे. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पुरातन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून वामन हा यंत्रमानव घडविला जातो आणि स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा हेच संकट ठरते. तेथे धोक्याचे स्वरूप स्पष्ट आहे, संख्या नाही. संख्येवाचूनही धोका गांभीर्याने घेता येतो.

संख्येतून निसटणारे

ऑर्ड यांच्या व्याख्येनुसार अस्तित्वसंकट म्हणजे मानवजातीचा पूर्ण नाश, किंवा पुन्हा सावरताच येणार नाही असा ऱ्हास. भावी पिढ्यांची प्रचंड संख्या लक्षात घेता या कसोटीला त्यांच्या नीतिविचारात मध्यवर्ती स्थान मिळते. या व्याख्येचा परिणाम अणुयुद्धाच्या ‘हजारात एक’ या संख्येवर कसा होतो, ते भारतीय वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहिले पाहिजे.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी (डार्टच्या आघाताचीच तारीख) सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरील यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. कार्यपद्धतीप्रमाणे तो खरा मानून वर कळविणे अपेक्षित असताना पेत्रोव यांनी तो खोटा ठरविला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पुढे पेत्रोव यांना नोंदवही नीट न भरल्याबद्दल बोल लावण्यात आला, हे सरकारी कागदपत्रांशी परिचय असलेल्यांना नवलाचे वाटणार नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात स्फोटके नव्हती आणि जीवितहानी झाली नाही. चौकशीत प्रमाणित कार्यपद्धतीपासून विचलन झाल्याचे आढळले आणि तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. एका प्रसंगी कार्यपद्धती मोडल्याने अनर्थ टळला, दुसऱ्या प्रसंगी ती मोडल्याने अनर्थाची वेळ आली. अशा घटनांची वारंवारता काढून संभाव्यता मांडणे अशक्य नाही. पण त्या संख्येचा पाया तेथे त्या क्षणी कोण बसले होते, यावर उभा राहील.

आणि युद्ध झालेच तर? २०२२ मध्ये ‘नेचर फूड’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अण्वस्त्रांच्या आगीतून उठणारी काजळी, त्यामुळे घटणारा सूर्यप्रकाश आणि बुडणारे पीक यांचा हिशेब मांडला. भारत-पाकिस्तान यांच्यातील युद्धानंतर जगभरात २०० कोटींहून अधिक, तर अमेरिका-रशिया युद्धानंतर ५०० कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही गणना प्रतिमानांवर आधारलेली असून काजळीचे प्रमाण हा तिच्यातील वादाचा मुद्दा आहे. मात्र ती कारणापासून परिणामापर्यंत जाते आणि प्रत्येक पायरी तपासता येते.

जगाची एक चतुर्थांश लोकसंख्या नाहीशी झाली आणि उरलेल्यांनी काही शतकांत संस्कृती पुन्हा उभारली, तर ऑर्ड यांच्या अर्थाने ते अस्तित्वसंकट नव्हे. या मृत्यूंना ते कमी लेखत नाहीत. महासत्तांमधील युद्धाला ते इतर संकटांची शक्यता वाढविणारा घटक म्हणून वेगळे स्थान देतात. परंतु कोष्टकातील ‘हजारात एक’ वाचून अणुयुद्ध हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शंभरावा हिस्सा इतकाच चिंतेचा विषय आहे, असा समज वाचकाने करून घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. ज्या २०० कोटींविषयी वरील अभ्यास बोलतो, त्यांत दक्षिण आशियातील माणसे मोठ्या संख्येने असतील आणि ती या कोष्टकाच्या कोणत्याही ओळीत मोजलेली नाहीत.