नलपार : विचारून घडवलेली कला

शहरातील कलावंत खेड्यात जातो तो बहुधा काही घेऊन येण्यासाठी : एखादा विषय, एखादा आकार, एखादा चेहरा. गावकऱ्यांना विचारावे, त्यांच्या बरोबरीने घडवावे, ही दृष्टी आपल्या कलाविचारात उशिरा आली. म्हणूनच नवजोत अल्ताफ यांच्या बस्तरमधील कार्याची दखल घेणे अगत्याचे वाटते.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नवजोत यांनी १९९७ साली कोंडागाव येथे काम सुरू केले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला हा भाग २००० पासून छत्तीसगडमध्ये आहे. शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेसूराम विश्वकर्मा हे तेथील कलावंत त्यांचे सहकारी झाले आणि गावकऱ्यांशी चर्चा करीत ‘नलपार’ साकारले. नलपार म्हणजे हातपंपाभोवतीची जागा. चिखलाने भरलेल्या या जागेला ओटा मिळाला, सांडपाण्याला वाट मिळाली, भिंतींवर स्थानिक प्रतीके आली. पण सर्वांत बोलकी आहेत ती भरलेली भांडी टेकविण्याची ठिकाणे. जमिनीवरचा हंडा एका दमात डोक्यावर घेण्याऐवजी मध्ये क्षणभर टेकविता येतो.

संशोधन म्हणतात ते हेच. हा मधला टप्पा कागदावरच्या आराखड्यातून सहसा सुचत नाही. हंडा उचलताना पाठीला कोठे कळ लागते, हे वाहणारीच सांगू शकते. येथे सौंदर्य आणि सोय वेगळी काढता येत नाहीत, यातच या शिल्पाचे यश आहे.

तरीही दोन शंका उरतात. कलादालनात नलपार छायाचित्र होऊन येते. तेथे आकार दिसतो, हंड्याचे ओझे दिसत नाही. आणि ओझे वजा केले तर या कलेत उरते काय? दुसरी शंका श्रेयाची. काम अनेकांचे असले, तरी महानगरातील रसिक ते एकाच नावाने ओळखतो. प्रस्तुत लेखातही ते नाव आधी आले आणि शांतीबाईंचे नंतर, हे मी नाकारीत नाही.

वाचकहो, हा प्रश्न बस्तरपुरता नाही. आपणही सभागृह बांधतो, पाणवठा दुरुस्त करतो. आराखडा पूर्ण झाल्यावर तो लोकांसमोर मांडतो आणि कोणी बोलले नाही म्हणजे संमती मिळाली असे समजतो. मीही असे केले आहे. एका सभागृहाच्या पायऱ्या मी शोभेसाठी उंच ठेवल्या. वृद्ध स्त्रिया आजही तेथे एकमेकींचा हात धरून चढतात. त्यांनी तक्रार केली नाही, कारण मी त्यांना विचारलेच नव्हते.

नलपाराची समीक्षा करण्याचा पहिला अधिकार तेथे पाणी भरणारीचा आहे. आपण तिच्यानंतर बोलावे.